आता हळूहळू परत या

३ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी

आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. कुणी वाचावी अशी मुळीच अपेक्षा नाही. (तरी अक्षर नीट काढतोय.)

आज पहिलं सेशन. ‘नादविश्रांती : मुलाबाळांसह संपूर्ण कुटुंबासाठी’. पोस्टरवर माझा डोळे मिटलेला फोटो. ही म्हणाली, पासपोर्टसाठी काढलेला बाद फोटो वाटतो. दुर्लक्ष केलं.

सोळा वर्षं सायरन आणि फायर अलार्म विकले. लोकांना दचकवून उठवण्यात उमेदीची वर्षं घालवली. आता त्यांना शांत करणार. राजीनामा मी स्वतःहून दिला. साहेबांनी मागितला, पण सही माझी होती.

कोर्स ऑनलाइन केला. सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. हॉल म्हणजे लाँड्रीच्या वरचा मजला. पूर्वी तिथे टेबल टेनिस चालायचं. खालच्या मशीनची धडधड जमिनीतून जाणवते. लाँड्रीवाला म्हणाला, त्याला इलाज नाही. मी म्हटलं, असू दे, लोकांना आपण ‘धरतीचं स्पंदन’ म्हणून सांगू. तो माझ्याकडे बघतच राहिला. दूरदृष्टी सगळ्यांना नसते.

टोला दिला की घुमणारी नादपात्रं सात, टांगायची मोठी थाळी म्हणजे गाँग एक. ही पात्रांना ‘वाडगे’ म्हणते. आज तिला प्रेमाने समजावलं. ती म्हणाली, बरं, ते वाडगे गाडीत मीच ठेवू का?

३ फेब्रुवारी, संध्याकाळी

तसं पाहिलं तर उत्तम झालं.

नऊ कुटुंबं आली. शेवटपर्यंत चार थांबली. म्हणजे ज्यांची तयारी होती तेवढीच थांबली. गाळणी लागली म्हणायचं.

अडचणी किरकोळ. जुळ्यांनी एकमेकांना चटईत गुंडाळलं. एका तान्ह्या बाळाला गाँग पसंत पडला नाही आणि त्याने ते मोकळेपणाने सांगितलं. एका वडिलांनी अर्ध्यात विचारलं की चार्जिंगला प्लग कुठे आहे. कोपऱ्यात एक कुरियरवाला आणि त्याची बायको होती. दोघांनी आपापल्या चटया दोन टोकांना टाकल्या, मधे त्यांचा मुलगा. सेशनभर दोघं दातओठ खात कुजबुजत होती. मी त्यांच्याजवळ जाऊन मोठं पात्र वाजवलं. त्यामुळे ती मोठ्याने बोलायला लागली.

घरी येताना ही म्हणाली, तुम्ही सुरुवातीला जरा जास्त बोललात. मी म्हटलं, प्रस्तावना नको? ती म्हणाली, अर्धा तास? मी म्हटलं, कंपनं समजल्याशिवाय माणूस सैल कसा पडणार? तिने गाडीची काच खाली केली आणि बाहेर बघत बसली. विचारात पडली असावी.

तरी समाधान आहे. जेवताना छान वाटत होतं. भूकही चांगली लागली.

४ फेब्रुवारी, रविवार

चूक सापडली. काल माझे डोळे अधूनमधून उघडत होते. कोर्सच्या सातव्या व्हिडिओत स्पष्ट सांगितलंय की नाद देणाऱ्याचे डोळे पूर्ण मिटलेले हवेत. देणाराच टकामका बघत बसला तर घेणारे काय घेणार?

संकल्प : पुढच्या शनिवारपासून सुरुवातीला जे डोळे मिटायचे, ते शेवटच्या वाक्यानंतरच उघडायचे. शेवटचं वाक्य : ‘आता हळूहळू परत या.’ आरशासमोर म्हणून बघितलं. अंगावर काटा आला.

ही सकाळपासून फोनवर आहे. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलंय. कालच्या पालकांशीच बोलतेय, दोन-तीनदा ‘सेशन’ ऐकू आलं. एकदा ‘प्लीज’ पण आलं. लोक जागा राखून ठेवायला सांगत असणार. बिचारी, तिच्यावर माझ्या कामाचा भार पडतोय.

१० फेब्रुवारी, शनिवार

बूटही न काढता लिहायला बसलोय.

चमत्कार!

नऊच्या नऊ कुटुंबं परत आली. पळालेली पाचसुद्धा! मी प्रस्तावना केली, दिवे मंद केले, डोळे मिटले. सुरुवातीला थोडी सरसर, पावलांचा आवाज, दाराची करकर. नंतर शांतता. मुलं आहेत की नाहीत अशी शंका यावी इतकी शांतता. सोळा वर्षांत मी असा आवाज ऐकला नव्हता.

शेवटी म्हटलं, आता हळूहळू परत या. मग जरा वेळ दिला. डोळे उघडले तर सगळे आपापल्या चटयांवर. पालकांच्या चेहऱ्यांवर तेज. गाल लाल. काहींना चक्क धाप लागलेली! कोर्समध्ये याला ‘ऊर्जेचं उत्थान’ म्हणतात. हॉलभर कॉफीसारखा मंद सुवास. याबद्दल मात्र व्हिडिओत काही नव्हतं. शोध माझाच दिसतोय.

जुळ्यांच्या वडिलांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, सर, तुम्हाला कल्पना नाही आम्हाला हे किती गरजेचं होतं. मी म्हटलं, आहे कल्पना.

ही खूप दमलेली दिसली. तिच्यावर परिणाम जरा उलटा होतोय का? बघायला हवं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आता वेटिंग लागलंय. वेटिंग!

आजही तीच शांतता. आज प्रस्तावना थोडी वाढवली. पालक घड्याळाकडे बघत होते, म्हणजे नादासाठी आतुर होते.

एक निरीक्षण. चौथ्या रांगेतल्या आईचे केस सेशनआधी कमरेपर्यंत वाटले. नंतर खांद्यापर्यंतच होते. उजेड कमी असल्याने असेल. चष्म्याचा नंबर तपासायचाय.

कुरियरवाला आणि त्याची बायको आज शेजारी शेजारी पडली होती. दोघांच्या चटया एकमेकींवर आलेल्या. हे माझं! हे कुणी नाकारू शकत नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

वातावरण बदललंय. मेहुण्याचा हॉलसमोरच, रस्त्यापलीकडे कॅफे आहे. तीन वर्षांत त्याने मला साध्या पाण्यालाही विचारलं नव्हतं. आज रस्त्यात गाठून मिठी मारली. म्हणाला, भावोजी, तुमचं हे बंद करू नका हं कधी. हवं तर सेशन थोडं लांबवा. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. कला माणसाला कुठून कशी भिडेल सांगता येत नाही.

लेकही रस घ्यायला लागलीये. वय वर्षं नऊ, पण समज मोठी. आज विचारत होती, बाबा, तुम्ही मधेच कध्धीच डोळे उघडत नाही ना? मी म्हटलं, कध्धीच नाही. तिने दोनदा वदवून घेतलं. शिस्तीचं महत्त्व तिला आत्तापासून कळतंय.

पुढचे बेत : (१) पुस्तक. (२) दुसरा हॉल, लाँड्रीविना. (३) साहेबांना बोलावणं. हो, त्याच साहेबांना. माझ्या सहीसाठी ज्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं होतं. त्यांना नातू आहे. येऊन बघू दे म्हणावं.

फोन केला. चक्क हो म्हणाले.

२४ फेब्रुवारी, शनिवार

काय लिहू.

साहेब आले. नातवाचं बोट धरून. मी त्यांना पहिल्या रांगेत जागा दिली. प्रस्तावनेत अलार्म आणि आत्मा यांवर दोन शब्द जास्त बोललो. दिवे मंद केले. डोळे मिटले.

मधेच खालची धडधड बंद झाली. लाँड्रीची वीज गेली असावी. धरतीचं स्पंदनच थांबलं! इतक्या आठवड्यांत असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं काही अघटित घडलं, आणि माझे डोळे आपोआप उघडले.

हॉलमध्ये एकही मोठा माणूस नव्हता.

चटया होत्या. पांघरुणं होती. पांघरुणांखाली उशा घालून माणसासारखे उंचवटेसुद्धा केलेले. मुलं सगळी मागच्या भिंतीशी. प्रत्येकाच्या कानात कापूस. मधे ही बसलेली, तिच्याही कानात कापूस. खेळ चालला होता. हातवारे करायचे, ज्याच्या तोंडून आवाज निघाला तो बाद. जुळे तोंडावर हात दाबून हसू आवरत होते. तान्हं बाळ हिच्या मांडीवर झोपलेलं. साहेबांचा नातू बाद होऊन एकटाच भिंतीकडे तोंड करून बसला होता, पण खुशीत.

आणि माझी लेक खिडकीत उभी. हातात पांढरा टॉवेल.

मी मान लांब करून खिडकीबाहेर पाहिलं. समोर मेहुण्याचा कॅफे. काचेमागे माझे सगळे पालक. हसतायत, कॉफी पितायत. जुळ्यांचे वडील पेपर वाचतायत. साहेब केक खातायत. माझे साहेब! माझ्याच सेशनमधून पळून!

पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय, ते आज कळलं. आणि जमिनीत स्पंदनही नव्हतं.

मी काय केलं? डोळे पुन्हा मिटले. वाजवत राहिलो. दुसरं काय करणार होतो? उठून ओरडलो असतो तर साहेबांना काय दिसलं असतं? सायरन विकणारा तोच माणूस.

वेळ झाली. म्हटलं, आता हळूहळू परत या. खिडकीशी टॉवेल फडफडल्याचा आवाज आला. मग जिन्यावर अनवाणी पावलं. बूट हातात घेऊन येत होते सगळे. ते खरोखर हळूहळू परत आले.

जाताना साहेबांनी पाठ थोपटली. म्हणाले, फार वर्षांनी असा निवांतपणा मिळाला. मिशीला क्रीम होतं.

२५ फेब्रुवारी, रविवार

विश्वासघात. केसाने गळा कापणे या शब्दांचा अर्थ आता कळला. चौथ्या रांगेतल्या आईच्या केसांचाही कळला. कॅफेशेजारीच पार्लर आहे.

बायको, लेक, मेहुणा, लाँड्रीवाला (त्याला सगळं माहीत होतं, जिन्याचं दार तोच धरून ठेवायचा). घरापासून सुरू होऊन रस्त्यापलीकडे जाणारा कट.

नाश्त्याला हिला जाब विचारला. वाटलं, रडेल, पाया पडेल. ती पावाला लोणी लावत होती, लावतच राहिली. म्हणाली, पहिल्या सेशननंतर सगळ्यांचे फोन आले. पाच जणांना पुन्हा यायचंच नव्हतं. उरलेले चार संकोचून हो म्हणत होते. मग मी त्यांना म्हटलं, तुम्ही फक्त या. दिवे मंद झाले की समोर जाऊन तासभर बसा, मुलांकडे मी बघते.

मी विचारलं, का? माझी टिंगल करायला?

ती म्हणाली, त्या संध्याकाळी तुम्ही जेवताना गुणगुणत होतात. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा. तुम्हाला आठवत नसेल. मला ते बंद पडू द्यायचं नव्हतं.

नोंद : ही पळवाट आहे. आणि मी गुणगुणत नव्हतो. पोट भरल्यावर माझा श्वास तसाच येतो.

लेकीला विचारलं, तूसुद्धा? ती म्हणाली, आईने सांगितलं होतं की हे बाबांना खूश ठेवायचं सीक्रेट मिशन आहे. मग विचारते, आता टॉवेल कोण धरणार?

२७ फेब्रुवारी, मंगळवार

घरात मौन पाळायचं ठरवलंय. माझ्या मौनाचा नाद यांना ऐकू येईल. आजन्म.

२८ फेब्रुवारी, बुधवार

मौन स्थगित. मोजे कुठे आहेत ते विचारावं लागलं. हिने ते खुणेने दाखवले. मुलांबरोबर खेळून चांगली तयार झालीये.

एक मात्र लिहून ठेवतो. ही सहा दिवस पॅथॉलॉजी लॅबमध्ये उभी असते. शनिवारी अर्धा दिवस. तिथून थेट हॉलवर. हे मला माहीत होतंच. पण लिहिलेलं नव्हतं.

१ मार्च, शुक्रवार

उद्या सूड. शांत, सुसंस्कृत सूड. सगळे आत आले की दाराला कुलूप. किल्ली माझ्या खिशात. डोळे उघडे. प्रत्येकाला नाद घ्यावाच लागेल. एकदा खऱ्या अर्थाने ऐकला की कॅफेकडे पाऊल वळणार नाही. हे मी आधीच करायला हवं होतं. फायर अलार्मच्या धंद्यामुळे दारं उघडी ठेवायची वाईट सवय लागली होती.

२ मार्च, शनिवार

कुलूप लावलं. सगळ्यांना सांगितलं की मला सगळं कळलंय. शांतता पसरली. ही खरी शांतता होती, पण तिचा आनंद घेता आला नाही.

जुळ्यांचे वडील बुटांकडे बघत होते. मी म्हटलं, आडवे व्हा. सगळे मुकाट्याने झाले. वाजवायला सुरुवात केली. एका मुलीला शू लागली. कुलूप उघडलं, लावलं. मग तिच्या भावाला लागली. उघडलं, लावलं. बाळाने गाँगबद्दलचं मत पुन्हा सांगितलं. जुळ्यांनी बाळाला पाठिंबा दिला. मी प्रत्येक चटईवर नजर ठेवून होतो. एक बाई डोळे मिटून पडलेल्या. मला वाटलं, तंद्री लागली! जवळ गेलो तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कुरियरवाल्याची बायको.

मी विचारलं, नाद भिडला का?

ती उठून बसली आणि सरळ बोलायलाच लागली. सगळ्यांसमोर. म्हणाली, सर, यांची रात्रपाळी, माझी दिवसाची नोकरी. हे येतात तेव्हा मी निघते. घरात आम्ही चिठ्ठ्यांवर बोलतो. गेल्या महिन्यात वेगळं व्हायचं ठरलं होतं. तुमच्या पहिल्या सेशनला आलो ते मुलासाठी आधीच पैसे भरलेत म्हणून. त्यावरूनच भांडत होतो. मग काकूंनी कॉफीला पाठवलं. पहिल्या शनिवारी आम्ही एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या शनिवारी यांनी विचारलं, साखर हवी का? तिसऱ्या शनिवारी तासभर बोलत बसलो. आज मला यांना बरंच काही सांगायचं होतं. आठवडाभर मनात जुळवून ठेवलं होतं.

कुरियरवाला खाली बघत म्हणाला, मलाही.

त्यांचा मुलगा चटईवर पालथा पडून दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

मी हिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. एका मुलीच्या वेणीचं रबर नीट करत होती.

मी किल्ली काढली. कुलपाला लागेना. शेवटी कुरियरवाल्यानेच दार उघडलं. मी म्हटलं, जा. दोघं जागची हलेनात. मी म्हटलं, अहो जा, कॉफी थंड होईल. कॉफी अजून मागवलेलीही नव्हती, पण ते गेले. मग हळूहळू बाकीचे. जाताना प्रत्येक जण सॉरी सर म्हणत होता. बूट घालून गेले या वेळी.

मी, ही आणि बावीस मुलं उरलो. जुळ्यांपैकी एकाने माझ्या हातात कापूस ठेवला.

खेळात मी सर्वात आधी बाद झालो.

६ मार्च, बुधवार

विचार केला. घाईने निष्कर्ष काढायला नको.

कुरियरवाल्याचा संसार सावरला तो शनिवारीच, आणि माझं सेशन चालू असतानाच. हा योगायोग? पालक समोर बसतात, अंतर एका रस्त्याचं. नाद भिंती ओळखत नाही. माझ्या नादाचा परिणाम दूरवर होतो! जवळच्यांवर होत नाही, ही त्याची पद्धत आहे.

म्हणजे विश्वासघात त्यांनी केला, तो त्यांच्यापुरता. नादाने त्यांना तिथेही सोडलेलं नाही.

हिला सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, असेल हो. तिने इतक्या लगेच मान्य करायला नको होतं.

संकल्प : शनिवारी प्रत्यक्ष पडताळणी.

९ मार्च, शनिवार

पडताळणी झाली.

मुलांकडे बघायला कुरियरवाला आणि त्याची बायको थांबली. म्हणाली, आज आमची पाळी, तुम्ही दोघं जा. लेकीला गाँगपाशी उभं केलं. सांगितलं, बरोबर साडेपाचला पूर्ण ताकदीने. ही नको नको म्हणत होती. बाकीच्या पालकांनी तिला जवळजवळ ढकलतच रस्ता ओलांडायला लावला.

कॅफेत खिडकीजवळ बसलो. मेहुणा नजर चुकवत कॉफी ठेवून गेला. साडेपाच झाले. समोरच्या खिडकीत लेकीने हात उगारलेला स्पष्ट दिसला. गाँग हललेला दिसला.

काही ऐकू आलं नाही. कॉफीचं मशीन फुसफुसत होतं. शेजारच्या टेबलावर जुळ्यांचे आईवडील कुठल्याशा पडद्यांच्या रंगावरून हसत होते. मी कान काचेला लावला. काच गार होती, एवढंच.

वाऱ्याची दिशा चुकीची असणार. मी हिला समजावून सांगायला लागलो. कंपन, लहर, काचेची जाडी, रस्त्यावरच्या गाड्यांचा अडथळा. शिवाय कदाचित परिणाम होतो तो ऐकू न येणाऱ्या नादाचा. हे तर आणखी खोल आहे, यावर पुस्तकात वेगळं प्रकरण होईल. ती हं हं करत होती. मग हं थांबलं. मला वाटलं, मुद्दा पटला.

बघतो तर ती झोपली होती. हातावर डोकं ठेवून, तोंड थोडं उघडं. लॅबचा कोट अजून अंगावरच. इतकी वर्षं एका घरात राहून मी तिला कधी दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. किंवा ती झोपली असेलही, मी बघितलं नसेल एवढंच.

मेहुणा बिल घेऊन येत होता. मी ओठांवर बोट ठेवलं. तो चवड्यांवर मागे फिरला.

मग मी काही बोललो नाही. आतमध्ये मुद्दे बरेच होते.

समोर पालक केव्हाच परत गेले, मुलांना घेऊन खाली उतरले. लेक जिन्याच्या पायरीवर बसून आमच्याकडे बघून हात हलवत होती. मी तिला खुणेनेच सांगितलं, थांब जरा. आई झोपलीये.